मे महिन्यात भारत फिरायचा तर: आधी तारीख, मग उंची, मग ठिकाण

होळी झाली की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. “यंदा मेमध्ये कुठे जावं रे?” मी उलट विचारतो, “मेमध्ये म्हणजे कितव्या तारखेला?” समोरच्याला वाटतं, मी टाळतोय. पण सगळं नियोजन या एका उत्तरावर उभं राहतं. २० एप्रिल, १० मे आणि १ जून या तीन तारखांना आपला देश तीन निरनिराळ्या देशांसारखा वागतो. पहिल्या तारखेला मनालीजवळच्या रोहतांग खिंडीत बर्फाच्या भिंती असतात. दुसऱ्या तारखेला चंद्रपुरात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. तिसऱ्या तारखेला केरळातले लोक छत्र्या उघडून बसलेले असतात.

मी स्वतः एकदा उलटा कारभार केला होता. दार्जिलिंगची तिकिटं आधी काढली, सुट्टी नंतर बसवली. मेच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस राहिलो आणि कांचनगंगा एकदाही दिसली नाही. रोज पहाटे चारला उठायचं आणि ढगांना नमस्कार करून परत यायचं. चहा मात्र उत्तम होता.

म्हणून खालचा क्रम. आधी तारीख, मग उंची, ठिकाण सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: सुट्टीचे तीन तुकडे ओळखा

भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि मुलांच्या परीक्षा, ऑफिसची रजा, घरातली लग्नकार्यं त्यावर लिहा. मोकळे राहिलेले दिवस खालच्या तीनपैकी एका तुकड्यात पडतील.

एप्रिलचा उत्तरार्ध. हा माझा सगळ्यात आवडता काळ, आणि शाळकरी मुलं असलेल्या घरांना मिळायला सगळ्यात अवघड. श्रीनगरच्या ट्यूलिप बागेचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होऊन एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या आगेमागे संपतो. सिक्कीममध्ये ऱ्होडोडेंड्रॉन फुललेला असतो. काझीरंगा पाहायचं असेल तर हेच शेवटचे दिवस, मे उजाडला की उद्यान पावसाळ्यासाठी बंद व्हायला लागतं. निलगिरी, कोडाईकनाल, मुन्नार इथे हवा छान असते, अधूनमधून दुपारी सर येते. मात्र हिमाचल आणि उत्तराखंडचा वरचा भाग अजून बर्फाखाली असतो. लेहला विमानाने जाता येतं, पण रस्ते आणि खिंडी यांच्या भरवशावर बेत आखू नये.

१ ते २० मे. सगळा महाराष्ट्र, सगळा गुजरात आणि अर्धी दिल्ली याच दिवसांत डोंगरात निघते. एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पूर्वार्धात येणाऱ्या अक्षय्य तृतीयेला यमुनोत्री-गंगोत्रीचे दरवाजे उघडतात, पाठोपाठ केदारनाथ आणि बद्रीनाथ. त्यामुळे हरिद्वार-ऋषिकेशचा रस्ता गच्च भरतो. हवामानाच्या दृष्टीने हिमाचलसाठी हा काळ उत्तम, गर्दीच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. २०१८ च्या मेमध्ये शिमल्यात पाण्याची इतकी टंचाई झाली की पर्यटकांनी येऊ नये म्हणून स्थानिकच विनवत होते. तेव्हापासून मी या काळात मोठ्या गावात एक रात्र काढतो आणि पुढे लहान गावात सरकतो.

२० मे ते ५ जून. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो. उत्तरेतले लोक या नऊ दिवसांना नवतपा म्हणतात. राजस्थान, दिल्ली, बुंदेलखंड, विदर्भ इथे ही काहिली अक्षरशः भाजून काढते. पण उंचावर नेमकं याच वेळी दार उघडतं. रोहतांग बहुतेक वर्षी मेच्या उत्तरार्धात पर्यटकांना खुलं होतं, मनाली-लेह रस्ता सुरू होतो, स्पितीच्या कुंझुम खिंडीतला बर्फ मे संपताना किंवा जूनमध्ये हटवला जातो. उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १ जूनला उघडते, फुलं मात्र जुलै-ऑगस्टमध्येच. दक्षिण आणि अंदमान या तुकड्यातून वगळा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात अंदमानात मोसमी पाऊस पोचतो आणि बेटांमधल्या बोटींचं वेळापत्रक समुद्राच्या मर्जीवर चालतं.

विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्यामुळे नागपूर-अमरावतीकरांना हा तिसरा तुकडा सहज जमतो. पुण्या-मुंबईच्यांनी तोंडात बोट घालून बघत राहावं.

दुसरी पायरी: उंचीचं गणित

हवामानाचं एक ढोबळ सूत्र सोबत ठेवा: दर हजार मीटर चढलात की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. ढग, वारा, झाडी यांनी ते थोडं बदलतं, पण घरबसल्या अंदाज बांधायला पुरतं.

आता हे आपल्या परिचयाच्या ठिकाणांना लावून पाहा. माथेरान सुमारे ८०० मीटर, म्हणजे कर्जतपेक्षा जेमतेम पाच अंश कमी. माउंट अबू सुमारे १,२२० मीटर आणि महाबळेश्वर १,३७० च्या आसपास. पायथ्याशी ४० असेल तर वर ३२-३३. संध्याकाळी मजा येते, पण दुपारी एक वाजता वेण्णा तलावाच्या काठी भाजून निघतो आपण. “थंड हवेचं ठिकाण” हे शब्द इंग्रज साहेबांच्या काळापासून चालत आलेत. मे महिन्यात त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

मेमध्ये भरदुपारी खरोखर गार वाटायला हवं असेल तर रात्रीचा मुक्काम साधारण १,८०० मीटरच्या वर हवा. शिमला, मनाली, दार्जिलिंग, मसुरी ही सगळी दोन हजारांच्या आसपास, उटी २,२४०. गंगटोक १,६५० आणि मुन्नार त्याहून थोडं खाली, पण ढग आणि झाडीमुळे तिथे चालून जातं. श्रीनगर जेमतेम १,५८५ मीटर असूनही सुखाचं, कारण ते खूप उत्तरेला आहे.

दुसरी सीमा वरच्या बाजूला. अडीच हजार मीटरच्या वर काहींना विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर १,८०० ते २,५०० हा पट्टा आपला. त्यातून बाहेर पडायचं तर तयारी करून, ती पुढे सांगतो.

उंचीबरोबर दमटपणाही मोजा. जैसलमेरचे ४२ अंश आणि मुंबईचे ३५ अंश यांत थर्मामीटरला जैसलमेर वाईट. पण घामाने चिंब होऊन लोकलमधून उतरलेल्या माणसाला विचारा. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग गार होतं. दमट हवेत तो अंगावरच राहतो, शरीर आतून तापत जातं. उलट कोरड्या हवेचा धोका असा की घाम वाळून जातो म्हणून आपण किती पाणी गमावलं ते कळत नाही. कोकणातला माणूस राजस्थानात “घामच येत नाही” म्हणून खूश होतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो.

ईशान्येचा हिशेब आणखी वेगळा. बंगाल-आसामात एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर कालबैसाखीची वादळं उठतात, आपल्या वळवाच्या पावसाची दांडगी थोरली बहीण. मेघालयात सोहरा म्हणजे चेरापुंजीच्या बाजूला मेमध्येच पावसाळा लागल्यासारखं वातावरण असतं. धबधबे हवे असतील तर जरूर जा, पण फिरणं सकाळी सातला सुरू करून दोनपर्यंत आटपायचं.

तिसरी पायरी: मधला तवा कसा ओलांडायचा

पुण्या-मुंबईहून हिमालयात जायचं म्हणजे मध्ये पंधराशे किलोमीटरचा तापलेला तवा. पर्यटन कंपन्यांच्या पत्रकात यावर एक ओळही नसते, आणि माणसं आजारी पडतात ती इथेच.

हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश असेल आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असेल तर उष्णतेची लाट धरतात. ४५ ला पोचलं तर सरासरी न पाहताच. किनाऱ्यावर हीच सुरुवात ३७ ला होते आणि डोंगरात ३० ला. म्हणजे “शिमल्यात उष्णतेची लाट” ही बातमी वाचून हसू नका, तिथल्या बऱ्याच घरांत पंखेसुद्धा नसतात.

रेल्वेने जाणार असाल तर गाडी मधला पट्टा कुठल्या वेळी ओलांडते ते बघा. पुण्याची झेलम एक्सप्रेस संध्याकाळी सुटते, रात्री मनमाड-भुसावळ मागे टाकते आणि दुसरा अख्खा दिवस इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर असा उन्हातून काढते. मेच्या उत्तरार्धात स्लीपरच्या डब्याची लोखंडी भिंत हाताला चटका देते. तरुणपणी मी हे केलंय, आणि गंमतही होती त्यात. साठीच्या पुढची माणसं किंवा लहान मूल बरोबर असेल तर मात्र या प्रवासासाठी वातानुकूलित डब्याचेच पैसे बाजूला काढा. हवं तर हॉटेल एक पायरी खालचं घ्या. मुंबईहून राजधानीने निघालात तर बराच प्रवास रात्रीत होतो, हा तिचा खरा फायदा.

दिल्ली, आग्रा, जयपूर “वाटेतच आहे तर बघून घेऊ” हा मोह मेमध्ये आवरा. अगदीच राहवत नसेल तर सूर्योदयाला ताजमहाल, नऊला खोलीत, संध्याकाळी साडेपाचनंतर पुन्हा बाहेर. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, तेवढं लक्षात ठेवा.

पाण्याच्या बाबतीत आपल्याकडच्या बायकांची एक जुनी सवय घातक आहे. गाडीतल्या शौचालयाला जावं लागू नये म्हणून पाणीच प्यायचं नाही. ही सवय मोडायला घरातल्या पुरुषांनी मदत करावी, म्हणजे डबा निवडताना आणि थांबे घेताना त्याचा विचार करावा. जलसंजीवनीची पाकिटं बरोबर ठेवा. नसलीच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून अंदाजपंचे नको. पन्ह्याचा गर बाटलीत भरून नेला तर सोन्याहून पिवळं.

ऊन लागलेल्या माणसाला गरगरणं, मळमळ, पेटके येत असतील तर सावली, पाणी आणि विश्रांती पुरते. पण तो असंबद्ध बोलायला लागला, अंग तापून लाल झालं, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात. कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन लावून थेट दवाखाना गाठा. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

चौथी पायरी: तिकिटं आणि परवाने

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे १० मेची गाडी ११ मार्चला सकाळी आठ वाजता. मेच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात, तेव्हा आयआरसीटीसीच्या खात्याची आधार पडताळणी आदल्या आठवड्यातच करून ठेवा. ती नसेल तर पहिल्या झटक्यात तुम्ही रांगेतच नसता. परतीचं तिकीट त्याच्या तारखेनुसार नंतर उघडतं, म्हणून दोन गजर लावा. जाण्याचं पक्कं आणि येण्याचं प्रतीक्षा यादीत, ही स्थिती फार लोकांची होते. प्रतीक्षा यादीवर आरक्षित डब्यात चढू देत नाहीत, हा नियम आता कडक झालाय. तत्काळ आदल्या दिवशी, वातानुकूलितसाठी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला. मेमध्ये तत्काळवर पाच जणांच्या कुटुंबाचा बेत टाकणं म्हणजे मटका लावणं.

विमान आणि हॉटेल घेताना थोडे जास्त पैसे देऊन रद्द करता येईल असाच पर्याय घ्यावा, असं माझं मत २०२५ नंतर पक्कं झालं. त्या वर्षी मेमध्ये सीमेवरच्या संघर्षामुळे उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस बंद होते. पाऊस, दरड, संप, आणखी काहीही होऊ शकतं.

परवान्यांची आणि बंद दिवसांची यादी ठिकाण ठरताच करायची. रोहतांगला वाहनाचा ऑनलाइन परवाना लागतो, रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली असते आणि मंगळवारी रस्ता दुरुस्तीसाठी बंद. लाहोलकडे नुसतं जायचं असेल तर अटल बोगद्यातून परवान्याशिवाय जाता येतं. हा नऊ किलोमीटरचा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. सिक्कीमच्या नाथू ला खिंडीसाठी नोंदणीकृत एजंटामार्फत परवाना काढतात, सोमवार-मंगळवार बंद. सगळ्यांचं मतदार ओळखपत्र आणि मुलांचे जन्मदाखले जवळ ठेवा. अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूर यांना इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना. चारधामला नोंदणी सक्तीची. गुलमर्गच्या गोंडोलाची, म्हणजे रोपवेची तिकिटं ऑनलाइनच मिळतात आणि मेमध्ये ती कित्येक दिवस आधी संपतात. उटी आणि कोडाईकनालला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे मे २०२४ पासून वाहनांना ई-पास लागतो. स्वतःची गाडी घेऊन कोल्हापूर-बेळगावमार्गे उतरणाऱ्यांनी हे विसरू नये.

आणि मोबाइल. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. कुटुंबातलं निदान एक कार्ड पोस्टपेड हवं.

जंगलवाल्यांसाठी एवढंच: ताडोबा, पेंच, कान्हा इथे वाघ दिसायला मे हाच महिना, कारण प्राणी पाणवठ्यावर येतात. ताडोबाचा गाभा मंगळवारी बंद, कान्हा-पेंचमध्ये बुधवारी दुपारची फेरी नसते. उघड्या जिप्सीत ४५ अंश सहन होतील का, हे आधी स्वतःला विचारा.

पाचवी पायरी: एक बेत प्रत्यक्ष मांडून पाहू

समजा चौघांचं कुटुंब, पुण्याहून २१ मेला निघणार, हाताशी सतरा-अठरा दिवस. तिसरा तुकडा आहे, म्हणजे उंच जायला हरकत नाही. मी किन्नौर-स्पिती सुचवेन, आणि शिमल्याच्या बाजूने. कारण या वाटेने उंची जिन्यासारखी चढत जाते.

पहिला आणि दुसरा दिवस गाडीत, दुसऱ्या रात्री दिल्ली. तिसऱ्या दिवशी सकाळची कालका शताब्दी, कालक्याहून डोंगरातली छोटी गाडी. १९०३ सालची ही ९६ किलोमीटरची वाट ६५६ मीटरवरून शिमल्याच्या २,०७६ मीटरपर्यंत शंभरावर बोगद्यांतून चढते आणि पाच-सहा तास घेते. बस लवकर पोचवते, पण मुलांना बसमध्ये घाटात उलट्या होतात आणि गाडीत खिडकी मिळते. चौथा दिवस शिमल्यात निवांत.

पाचव्या दिवशी सराहन, २,१६५ मीटर, लाकूड-दगडाचं भीमाकाली मंदिर. सहावा-सातवा दिवस सांगला, २,६८० मीटर. मधल्या दिवशी ३,४५० मीटरवरच्या छितकुलला जाऊन परत सांगल्यालाच झोपायला. दिवसा उंच जायचं आणि रात्री खाली झोपायचं, हा विरळ हवेची सवय करायचा जुना उपाय. आठवा-नववा दिवस कल्पा, २,९६० मीटर, समोर किन्नर कैलास. दहाव्या दिवशी ताबो, ३,२८० मीटर. तिथला मातीचा बौद्ध मठ सन ९९६ चा आहे, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या जन्माआधी पावणेतीनशे वर्षं. अकरावा-बारावा दिवस काझा, साधारण ३,६५० मीटर.

आता हीच सहल लोक मनालीहून उलटी करतात. पहाटे २,०५० मीटरवरून निघून साडेचार हजारांवरची कुंझुम खिंड ओलांडून रात्री थेट काझ्यात झोपतात. मग रात्रभर डोकेदुखी, ओकाऱ्या, आणि दुसरा दिवस ऑक्सिजनच्या नळीशी. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. वरचा बेत त्यात बसतो, मनालीचा बसत नाही. लेहला विमानाने उतरलात तर हे पाळणं शक्यच नसतं, म्हणून तिथे पहिले दोन दिवस खोलीत आणि अंगणात काढायचे. खारदुंग ला ही खिंड कुठे पळून जात नाही. डायमॉक्सची गोळी काहीजण आधीपासून घेतात, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली तर औषध एकच, खाली उतरणं.

तेराव्या दिवशी निर्णयाची वेळ. कुंझुम उघडली असेल तर त्या बाजूने मनालीत उतरा, बंद असेल तर आल्या वाटेने दोन दिवसांत खाली. हा निर्णय काझ्यातले जीपवाले आदल्या संध्याकाळी देतात आणि तो पाळायचा असतो. चौदावा-पंधरावा दिवस चंदीगडपर्यंत उतरायला, त्यातला एक राखीव धरलाय. सोळाव्याला परतीची गाडी पकडली की घरी पोचायला आणखी एक-दीड दिवस. आजी-आजोबा बरोबर असतील तर कल्प्यालाच थांबा आणि तिथूनच परता, अकरा-बारा दिवसांत आटपतं. कल्प्यात नुसतं गच्चीत बसून कैलासावरचे रंग बघण्यात दोन दिवस जातात, आणि पुढे न गेल्याची खंत मला कुणाच्या तोंडून ऐकू आलेली नाही.

सहावी पायरी: एका पिशवीत दोन ऋतू

या बेतात दिल्लीत ४४ अंश आणि काझ्यात पहाटे शून्याच्या आसपास, दोन्ही भेटणार. प्रत्येकाचं जाडजूड जाकीट नेण्यापेक्षा थरांनी कपडे घ्या: आत अंगाला बसणारा गरम बनियन, त्यावर स्वेटर किंवा लोकरीचं काही, सगळ्यात वर वारा आणि पाऊस अडवणारं पातळ जर्किन. दिवसा ऊन चढलं की एकेक काढता येतं. सुती कपडे खालच्या प्रवासासाठी. ते भिजले की लवकर वाळत नाहीत, म्हणून थंडीत अंगालगत नकोत. कानटोपी, हातमोजे आणि एक उपरणं, जे उन्हात डोक्याला आणि गारठ्यात गळ्याला.

गरम कपडे पिशवीच्या तळाशी भरू नका. सकाळी चाळीस अंशांत निघालो म्हणून आम्ही ते तळाशी भरले होते, आणि शिमल्याच्या स्थानकावर रात्री पावसात सगळी बॅग फलाटावर उपसावी लागली. चढणीच्या दिवशी ते वर.

उंचावर हवा थंड असली तरी ऊन तिखट असतं, बर्फावरून ते दुप्पट डोळ्यांत येतं. गॉगल आणि सनस्क्रीन चैनीत धरू नका. फोनची बॅटरी थंडीत पटकन उतरते, रात्री तो पांघरुणात घ्या. रोख पैसे जवळ असू द्या. दशम्या, मेतकूट, ठेचा, लाडू हे सगळ्यांना माहीतच आहे.

सातवी पायरी: निघण्याआधीचे आणि वाटेतले डोळे

निघण्याच्या आठवडाभर आधीपासून हवामान खात्याचं “मौसम” ॲप रोज बघा. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे बेत बदलायची तयारी ठेवा, लाल म्हणजे जिथे आहात तिथे थांबा. हिमालयात मेमध्येही पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी पाऊस-बर्फाची वादळं येतात आणि छान ऊन पडलेल्या दिवशीही गारा किंवा बर्फ पडतो. उत्तराखंडात कोरड्या वर्षी चिडाची (पाइनची) जंगलं पेटतात. २०२४ मध्ये तर नैनितालच्या बाजूला हवाई दलाची हेलिकॉप्टरं आग विझवायला आली होती. धुरामुळे अशा दिवसांत समोरचं शिखरही दिसत नाही. डोंगरातला प्रवास पहाटे सुरू करून दुपारी तीनच्या आत मुक्कामी पोचायचं, कारण दुपारनंतर वारा, पाऊस आणि बर्फ वितळून फुगलेले ओहोळ रस्त्यावर येतात.

परतीच्या तिकिटाआधी एक राखीव दिवस ठेवाच. आणि जूनमध्ये कोकण, गोवा, केरळकडे परतणाऱ्यांनी मोसमी पावसाचं भान ठेवा. केरळात तो सरासरी १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला येतो. २०२५ मध्ये मात्र तो २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत दाखल झाला होता. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्याच्या आसपास लागतं, तेव्हा गाड्या हळू धावतात आणि सुटण्याच्या वेळाही बदलतात.

शेवटचं, आंब्यांचं. मेमध्ये घर सोडून जायचं म्हणजे हापूसचे ऐन दिवस हुकतात, याचं आमच्याकडे दरवर्षी दुःख होतं. त्यावर उपाय सापडलाय. डझनभर आंबे अगदी कच्चट असताना घ्यायचे, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरायचे, वर गवत, झाकणाला भोकं. झाशी आणि दिल्लीच्या उकाड्यात ते पिकायला लागतात, सराहनपर्यंत वास सुटतो आणि सांगल्यात पोचेपर्यंत तयार होतात. निम्मे ज्यांच्या घरी उतरलात त्यांना द्या. किन्नौरची सफरचंदं मात्र तेव्हा मागू नका, मे अखेरीस ती झाडावर जेमतेम बोराएवढी असतात.